गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचं, पण कशासाठी?

तुम्ही आईबद्दल विचारलंय. वय ६६, दोन्ही गुडघ्यांची झीज, त्यात उजवा जास्त. गेले तीन आठवडे उजवा गुडघा सुजलाय, रात्री कूस बदलताना कळ येते, जिना तर बंदच झालाय. मधुमेह आहे, पण गोळ्यांवर आटोक्यात आहे. मूत्रपिंडाच्या तपासणीत थोडी गडबड निघाल्यामुळे वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्यात. एका डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, दुसऱ्यांनी जेलचं (सांध्यातल्या वंगणासारखा पदार्थ), आणि ओळखीतल्या एकांनी पीआरपीचा (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनाचा) आग्रह धरलाय. वर 'एकदा सुई टोचली की ती कायमची मागे लागते आणि गुडघा लवकर जातो' हेही कानावर आलंय. तर करावं काय, असा तुमचा प्रश्न.

मी २२ वर्षं सांध्यांचे रुग्ण बघतोय. गुडघ्यात इंजेक्शन देणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि 'तुम्हाला आत्ता याची गरज नाही' असं सांगून लोकांना परत पाठवणं हाही. तुमच्या वर्णनावरून आईंच्या उजव्या गुडघ्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देणं योग्य ठरेल असं मला वाटतं. जेल आणि पीआरपी मी त्यांना सुचवणार नाही. पण सुई हातात घेण्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. दुखणं त्या सांध्यातूनच येतंय याची खात्री करायला हवी, आणि या इंजेक्शनाकडून आपल्याला नेमकं काय काम करून घ्यायचंय हे ठरायला हवं. बहुतेक निराशा या दोनपैकी एक राहून गेल्यामुळे होते.

आधी दुखण्याचा उगम. 'कूर्चा झिजली म्हणून दुखतं' असं आपण सगळेच म्हणतो, पण कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, नसाच नसतात. ती स्वतः दुखू शकत नाही. दुखतं ते तिच्या आजूबाजूचं: सांध्याचं आतलं अस्तर, कूर्चेखालचं हाड, सांध्याभोवतीचं आवरण, थकलेले स्नायू. म्हणूनच एक्स-रेमध्ये हाडाला हाड लागलेलं दिसत असूनही मजेत चालणारी माणसं असतात, आणि जेमतेम झीज असताना कळवळणारीही. झीज वर्षानुवर्षं चालते, पण मध्येच अस्तराला सूज येते, ते जास्तीचं पाणी सोडायला लागतं, गुडघा टम्म फुगतो, रात्रीचं दुखणं सुरू होतं. आईंचं आत्ता हेच झालेलं दिसतंय. स्टेरॉइड काम करतं ते या चवताळलेल्या अस्तरावर. झिजलेली कूर्चा ते भरून काढत नाही आणि वाकलेला पाय सरळ करत नाही. कुणाला गुण येईल हे आधी पक्कं सांगणारी एकही खूण अभ्यासांतून मिळालेली नाही. तरी माझा अनुभव असा, की सुजलेला, पाणी भरलेला गुडघा कोरड्या गुडघ्यापेक्षा या औषधाला चांगली साद देतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक इथे सांगायलाच हवी. सत्तरीचे एक गृहस्थ गुडघा दुखतो म्हणून आले. एक्स-रेत झीज दिसत होती, मी इंजेक्शन दिलं. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तीन महिन्यांनी पुन्हा दिलं, तेव्हा तर चार दिवसही नाही. पुढच्या भेटीला ते मोजे घालायला वाकताना मी पाहिलं. पाय बाहेर वळवून, कण्हत ते मोजा ओढत होते. त्यांना झोपवून मांडी आतल्या बाजूला वळवली तर 'हेच, हेच दुखणं' म्हणाले. खराब झाला होता खुबा. खुब्याचं दुखणं मांडीतून उतरून गुडघ्यात जाणवतं, आणि कधी कधी फक्त गुडघ्यातच जाणवतं. त्या माणसाला मी दोन सुया उगाच टोचल्या आणि सहा महिने वाया घालवले. तेव्हापासून खुबा तपासल्याशिवाय मी गुडघ्याला हात लावत नाही. तुमच्या डॉक्टरांनी आईंचा खुबा फिरवून बघितला का, हे जरूर आठवा.

दुसरी नेहमीची फसगत गुडघ्याच्या आतल्या बाजूची असते. बोटाने दाबून बघा. सांध्याच्या फटीपासून दोन-तीन बोटं खाली, नडगीच्या हाडावर एका जागी दाबल्यावर जीव जातो का? तिथे स्नायूंच्या तीन दोऱ्या हाडाला चिकटतात आणि त्यांच्याखाली एक छोटी पिशवी असते. ती सुजली तर जिना चढताना गुडघाच दुखतोय असं वाटतं. त्याचा उपाय वेगळा आहे. सांध्यात टाकलेलं औषध तिथे पोचत नाही. कधी कंबरेतली दबलेली नसही गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखवते.

आणि काही वेळा इंजेक्शन देणं धोक्याचं असतं. गुडघा लालभडक, गरम, अंगात ताप असेल तर आधी सांध्यातलं पाणी काढून तपासायला पाठवायचं, कारण आत जंतुसंसर्ग असेल तर स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल. गुडघ्यावर जखम, गळू किंवा त्वचेचा संसर्ग असेल तरी थांबायचं. उतारवयात, विशेषतः बायकांमध्ये, एखाद्या दिवशी अचानक कळ येऊन पायावर भारच टाकता येत नाही असं झालं, तर कूर्चेखालच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. साध्या एक्स-रेत तो सुरुवातीला दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. अशा हाडाला विश्रांती लागते. तिथे स्टेरॉइड देऊन दुखणं दाबलं तर माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि हाड खचतं. आईंचं दुखणं हळूहळू वाढलं की एका दिवसात आलं, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

आता स्टेरॉइडबद्दल. सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचे अनुभव अमेरिकेतले डॉक्टर जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे ही पद्धत सत्तर वर्षांहून जुनी आहे. आज बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायमसिनोलोन वापरतात, मोठ्या सांध्याला साधारण ४० मिलिग्रॅम. सोबत थोडं बधिर करणारं औषध असतं. त्यामुळे पहिले काही तास एकदम हलकं वाटतं, मग ते ओसरतं आणि त्या रात्री दुखणं परत येतं. लोक तिथेच म्हणतात, 'इंजेक्शन फुकट गेलं.' स्टेरॉइडचा खरा परिणाम दोन-तीन दिवसांनी, कधी आठवड्याने जाणवायला लागतो. इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना रुग्णाला स्पष्ट सांगायला लावतात, की हा आराम २ ते १० आठवड्यांचा आहे. माझ्या रुग्णांचा अनुभव याच्याशी जुळतो. कुणाला चार महिने बरं वाटतं, कुणाला दहा दिवस.

'गुडघा लवकर जातो' ही भीती अगदीच हवेतली नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात १४० जणांना घेतलं होतं. अर्ध्यांना दर तीन महिन्यांनी ट्रायमसिनोलोन, अर्ध्यांना तुलनेसाठी औषध नसलेलं नुसतं मिठाचं पाणी, असं सलग दोन वर्षं. शेवटी एमआरआयवर मोजलं तेव्हा स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटर कमी झाली होती, पाणीवाल्यांची ०.१० मिलिमीटर. आणि दुखण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. लोक यातला पहिला आकडा लक्षात ठेवतात, मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वेळापत्रक लावून, गरज असो नसो, दर तिमाहीला टोचत राहिल्याने दोन वर्षांत दुखणंही कमी झालं नाही. म्हणून मी कुणालाही 'दर तीन महिन्यांनी या' असं सांगत नाही. दोन इंजेक्शनांत किमान तीन महिने, आणि तेही सूज पुन्हा उसळली असेल तरच. वर्षात तिसऱ्यांदा द्यायची वेळ आली तर मी औषधाची बाटली बाजूला ठेवतो आणि रुग्णाशी पुढच्या उपायाबद्दल बोलायला बसतो.

सुई 'मागे लागते' हे मात्र खरं नाही. या औषधाची सवय लागत नाही. असं वाटतं त्याला कारण आहे: सहा आठवडे गुडघा शांत राहतो, माणूस ते दुखणं विसरतो, मग औषधाचा परिणाम संपला की पूर्वीचंच दुखणं पूर्वीपेक्षा जास्त टोचतं.

आता त्या 'कशासाठी' या प्रश्नाकडे येतो. पुष्कळ डॉक्टर म्हणतात, मी स्वतःही बरीच वर्षं म्हणत होतो, की इंजेक्शनाने दुखणं कमी होईल, त्या काळात व्यायाम सुरू करा, दोन्ही मिळून जास्त फायदा होईल. ऐकायला पटतं. डेन्मार्कमध्ये २०१५ साली हेच तपासून बघितलं. १०० रुग्ण, निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना मिठाचं पाणी, दोन आठवड्यांनी सगळ्यांना १२ आठवड्यांचा देखरेखीखालचा व्यायाम. शेवटी दोन्ही गट सुधारले आणि जवळजवळ सारखेच सुधारले. आधी स्टेरॉइड घेतल्याने व्यायामाच्या फायद्यात भर पडली नाही. तो अभ्यास वाचल्यावर मी माझी पद्धत बदलली. जो माणूस दुखत असतानाही व्यायाम सुरू करू शकतो, त्याला मी इंजेक्शन न देता थेट व्यायामाला लावतो. ज्याचा गुडघा इतका सुजलाय की मांडीचा स्नायू आवळताच येत नाही, झोप मोडते, घरातल्या घरात चालणं बंद झालंय, अशा माणसाची अडचण सोडवायला मी सुई वापरतो. आईंचं आत्ता हेच झालंय, म्हणून त्यांच्या बाबतीत मी हो म्हणतोय. गुडघ्यात पाणी भरलेलं असताना मांडीचा पुढचा स्नायू आपोआप दबून जातो, शरीरच त्याला आवर घालतं. ते पाणी काढून सूज उतरवली नाही तर आईंनी कितीही मनावर घेतलं तरी तो स्नायू नीट काम करणार नाही.

२०२० मध्ये अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयांत झालेला अभ्यास तर मी रुग्णांना बोटावर मोजून सांगतो. १५६ रुग्ण, निम्म्यांना गरजेनुसार स्टेरॉइडची इंजेक्शनं, निम्म्यांना फिजिओथेरपी. दुखणं, आखडणं आणि हालचालीतली अडचण मिळून ० ते २४० असं मोजलं, आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. सुरुवातीला दोन्ही गट शंभराच्या थोडे वर होते. वर्षाने इंजेक्शनवाले सरासरी ५५.८ वर आले, फिजिओथेरपीवाले ३७ वर. सुधारले दोघंही, पण वर्षभराचा विचार केला तर व्यायामच पुढे गेला.

मधुमेहाचं सांगतो, कारण इथे घरच्यांना नीट कल्पना दिली जात नाही. सांध्यात दिलेलं स्टेरॉइड थोडंफार रक्तात उतरतंच. साखर त्याच दिवशी चढायला लागू शकते, पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असते आणि बहुधा आठवड्याभरात जागेवर येते. आईंच्या गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी (एचबीए१सी) हाताशी असू द्या; ती ८ टक्क्यांच्या बरीच वर असेल तर मी आधी साखर आटोक्यात आणून मग इंजेक्शन देतो. इंजेक्शनानंतर आठवडाभर घरच्या यंत्रावर दिवसातून दोनदा तरी साखर बघून लिहून ठेवा. आकडा ३०० च्या वर गेला, खूप तहान लागली, लघवी वाढली तर मधुमेहाच्या डॉक्टरांना लगेच कळवा, गोळ्यांची मात्रा स्वतःहून वाढवू नका. आणि दोन्ही गुडघ्यांत एकाच दिवशी स्टेरॉइड घेऊ नका. मधुमेह असलेल्यांना मी ते देत नाही, कारण शरीरात जाणारी मात्रा दुप्पट होते. ट्रायमसिनोलोन हळूहळू सोडणारं एक इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं, त्याने साखर कमी चढते. ते मिळत असेल तर विचारायला हरकत नाही.

प्रत्यक्ष इंजेक्शन हा पाच-दहा मिनिटांचा मामला आहे, आईंना भीती वाटत असेल तर हे वाचून दाखवा. झोपवून गुडघ्याखाली छोटी उशी ठेवतात. जागा जंतुनाशकाने नीट पुसतात. मी बहुधा वाटीच्या बाहेरच्या, वरच्या कडेने सुई घालतो. आधी साठलेलं पाणी काढून घेतो, आणि त्यानेच आईंना निम्मा आराम पडेल. ताणलेलं आवरण सैल होतं तो क्षण रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसतो. झिजेचं पाणी फिकट पिवळं, स्वच्छ आणि तार सुटणारं असतं. ते गढूळ निघालं तर मी त्या दिवशी स्टेरॉइड देत नाही, आधी पाणी तपासायला पाठवतो. जंतू असू शकतात, किंवा सांध्यात कॅल्शियमचे स्फटिक झालेले असू शकतात, जे या वयात झिजेबरोबर बरेचदा सापडतात. पाणी आलं याचा आणखी एक फायदा म्हणजे सुई सांध्यातच आहे याची खात्री पटते. कोरड्या गुडघ्यात अंदाजाने सुई घालणं वाटतं तितकं बिनचूक नसतं. २००२ मध्ये २४० इंजेक्शनांवर केलेल्या एका अभ्यासात वाटीच्या बाहेरच्या कडेने घातलेली सुई ९३ टक्के वेळा सांध्यात होती, पण वाकवलेल्या गुडघ्यात पुढून घातलेली ७१ ते ७५ टक्केच. म्हणून कोरड्या किंवा जाड गुडघ्यात मी सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. बहुतेकांना त्या बंद कराव्या लागत नाहीत, फक्त डॉक्टरांना आधी माहीत हवं; वॉरफरिन असेल तर अलीकडची रक्ततपासणी बरोबर न्या.

नंतर एक-दोन दिवस गुडघ्याला जपायचं, पण अंथरुणाला खिळून राहायचं नाही. काहींचा गुडघा पहिल्या रात्री उलट जास्तच दुखतो. बर्फाने आणि विश्रांतीने ते दोन दिवसांत शमतं. चेहरा तापून लाल होणं, एखादी रात्र झोप न लागणं हेही घडतं आणि जातं. टोचलेल्या जागची कातडी पांढुरकी पडणं किंवा तिथे खळगा पडणं कधीतरी होतं. जंतुसंसर्ग फार विरळा, हजारो इंजेक्शनांत एखादा, पण झाला तर सांधा उद्ध्वस्त करतो. दोन-तीन दिवसांनंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललं, गुडघा तापला, थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि 'गुडघ्यात इंजेक्शन घेतलंय' हे पहिल्या वाक्यात सांगा. मधुमेह असलेल्यांना तर यात हयगय परवडणारी नाही.

जेल म्हणजे हायलुरोनिक ॲसिड. सांध्यात निसर्गतः असलेल्या वंगणाचा हा एक घटक. 'गाडीला तेल घालतात तसं' ही उपमा इतकी पटकन समजते, की तिच्यामुळेच जेल खपतं असं मला वाटतं. पण टोचलेलं जेल सांध्यात महिनोन्‌महिने राहत नाही, शरीर ते काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत वाहून नेतं. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला पहिली मंजुरी मिळाली तीही औषध म्हणून नव्हे, उपकरण म्हणून. २०२२ मध्ये १६९ अभ्यास आणि २१ हजारांहून जास्त रुग्ण एकत्र करून मोठा आढावा घेतला गेला. त्यातल्या मोठ्या, नीट केलेल्या अभ्यासांत, १०० मिलिमीटरच्या वेदनेच्या पट्टीवर जेल आणि मिठाचं पाणी यांच्यातला फरक निघाला सुमारे २ मिलिमीटर. तेवढा फरक कुणालाही जाणवत नाही. गंभीर दुष्परिणाम मात्र जेलच्या गटात थोडे जास्त होते. नाइसने २०२२ मध्ये जेल देऊ नका असंच सांगितलं. काही संस्था अजून अटींसह त्याला जागा देतात, आणि माझे काही सहकारी ते मनापासून देतात. मी देणं बंद केलंय.

'पण आमच्या ओळखीत जेलने फरक पडला' असं तुम्ही म्हणाल, आणि मी त्यांना खोटं ठरवणार नाही. गुडघ्यात मिठाचं पाणी टोचलं तरी बऱ्याच लोकांचं दुखणं खरोखर कमी होतं. सुई, डॉक्टरांचा स्पर्श, कुणीतरी काहीतरी केलं याचा दिलासा, आणि दुखणं शिगेला पोचल्यावर आपण डॉक्टरकडे जातो व मग ते तसंही उतरणारच असतं, या सगळ्याचा तो मेळ असतो. तो आराम खोटा नसतो. पण त्याचं श्रेय जेलला देता येत नाही, आणि ज्या गोष्टीचं श्रेय नाही तिच्यासाठी आईंना तीन-चार वेळा सुई टोचायला मी तयार नाही.

पीआरपीत रुग्णाचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेट भरपूर असलेला भाग सांध्यात देतात. स्वतःचंच रक्त, म्हणून लोकांना ते सुरक्षित आणि नैसर्गिक वाटतं. लहान-लहान अभ्यासांत चांगले निकाल दिसले. पण २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर काळजीपूर्वक अभ्यास झाला, कुणाला काय दिलंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं. वर्षाने १० पैकी गुणांत पीआरपीवाल्यांचं दुखणं २.१ ने कमी झालं, मिठाच्या पाण्यावाल्यांचं १.८ ने. कूर्चेतही फरक नव्हता. अडचण अशी, की प्रत्येक ठिकाणी पीआरपी वेगळं बनतं. प्लेटलेट किती, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, काहीच सारखं नसतं. चाळिशीतल्या, झीज नुकती सुरू झालेल्या माणसाने सगळं समजून घेऊन मागितलं तर मी अडवत नाही. पण 'कूर्चा परत वाढेल' असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशींच्या इंजेक्शनांबद्दलही तेच: २०२३ मध्ये ४७५ रुग्णांवरच्या अभ्यासात तीन वेगवेगळ्या पेशी-उपचारांपैकी एकही वर्षाअखेर साध्या स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही.

इंजेक्शन घेतल्यावर आईंनी काय करायचं, यावर त्या सुईची किंमत ठरते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, पाठीवर झोपून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, गुडघ्याने तो खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. ते जमलं की पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. दुसऱ्या आठवड्यात खुर्चीवरून उठणं-बसणं. आधी हाताचा आधार घेऊन, उंच खुर्चीवरून, मग हळूहळू आधार कमी करत. व्यायामाने थोडं दुखणारच. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीच्या पातळीवर उतरलं तर ठीक, नाही उतरलं तर पुढच्या दिवशी निम्मं करा. काठी डाव्या हातात धरायची, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला. लोक हमखास उलट धरतात. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. वरून लावायचं डायक्लोफिनॅकचं मलम गुडघ्यावर बऱ्यापैकी काम करतं आणि रक्तात फार थोडं उतरतं, पण मूत्रपिंडाची तक्रार असल्यामुळे ते लावण्याआधीही डॉक्टरांना विचारा.

माझ्याकडे एक बाई यायच्या, पती अंथरुणाला खिळलेले, त्यांना उचलायचं-बसवायचं काम यांच्यावर. गुडघा सुजला तेव्हा त्या रडत आल्या, म्हणाल्या, 'मला पळायचं नाही हो, त्यांना कुशीवर वळवता आलं पाहिजे.' किती स्पष्ट मागणी! त्यांना इंजेक्शन दिलं आणि पतीच्या खाटेची उंची वाढवायला सांगितली, म्हणजे वाकणं कमी झालं. नऊ-दहा आठवड्यांनी दुखणं थोडं परत आलं, पण तोवर मांडीत बळ आलं होतं आणि काम जमत होतं. दुसरं इंजेक्शन त्यांनी मागितलंच नाही. आईंनाही विचारा, गुडघा शांत झाला तर त्यांना सगळ्यात आधी काय करायचंय. ते उत्तर तुम्ही देऊ नका, त्यांनाच देऊ द्या.

आणि गुण आला नाही तर? पहिलं इंजेक्शन जेमतेम दोन आठवडे टिकलं, पाय बाहेरून वाकत चाललाय, रात्रीचं दुखणं जात नाही, तर तेच पुन्हा देण्यात अर्थ नाही. मग सांधेबदलाबद्दल बोलायची वेळ आलीय असं समजा. शस्त्रक्रियेच्या भीतीपोटी वर्षानुवर्षं इंजेक्शनांवर ढकलत नेलेले गुडघे मी पाहिलेत. तोवर मांडी वाळून जाते आणि शस्त्रक्रियेनंतर उभं राहणंही जड जातं. एक लक्षात ठेवा, सांधेबदल ठरत असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचं नाही, संसर्गाचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांसाठी गुडघ्याच्या बारीक नसा उष्णतेने निकामी करण्याचा उपायही आहे. सांध्याला हात न लावता तो कित्येक महिने आराम देऊ शकतो.

डॉक्टरकडे जाण्याआधी एक करा. आईंना साध्या खुर्चीवर बसवा, ३० सेकंद लावा, तेवढ्या वेळात त्या किती वेळा उभ्या राहून बसतात ते मोजा. हात टेकावे लागले तर तसं लिहा. सुजलेल्या गुडघ्याने एकदाही जमलं नाही तरी चालेल, शून्य लिहा. इंजेक्शनानंतर सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे घेऊन पुढच्या भेटीला जा.